सुईनंतरचा ठणका

छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंची ही हकीकत. त्यांचा उजवा खांदा जखडला होता. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोहोचेना, तेव्हा डॉक्टरांनी खांद्याच्या सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. दुपारी बरे वाटले. रात्री मात्र असा ठणका लागला की कुशीवर वळता येईना. शेजारणीने सांगितले, "सुई शिरेवर बसली असेल." बाईंनी मनाशी ठरवले, पुन्हा त्या डॉक्टरांची पायरी चढायची नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा ठणका ओसरला होता. राग ओसरला नव्हता. "सर, दुखणे घालवायचे औषध दुखणे वाढवते कसे?" बाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागले.

१९२९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. गरोदरपणात स्त्रियांचा आमवात हटतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे शरीरातच असे काही द्रव्य तयार होत असावे, जे हा रोग दाबून ठेवते. त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडाल हे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून निरनिराळी द्रव्ये वेगळी करत होते. त्यांतील एकाला त्यांनी 'ई' असे नाव दिले होते. पुढे त्यालाच कॉर्टिसोन म्हणू लागले.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला या द्रव्याचे पहिले इंजेक्शन स्नायूत देण्यात आले. आठवडाभरात ती बाजारहाट करायला बाहेर पडली. १९५० साली हेंच, केंडाल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आनंद फार टिकला नाही. औषध साऱ्या शरीरभर पसरत असल्याने चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे असे त्रास सुरू झाले.

मग दुखते तेवढ्याच सांध्यात औषध का घालू नये? फिलाडेल्फियातील जोसेफ हॉलंडर यांनी तसे करून पाहिले आणि १९५१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्यात कॉर्टिसोन घातले तर फारसा उपयोग होत नव्हता. त्याचेच भावंड असलेले हायड्रोकॉर्टिसोन घातले तर सूज उतरत होती. कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असते, यकृतात त्याचे हायड्रोकॉर्टिसोन झाले की मगच ते काम करते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. सांध्यात यकृत कोठून येणार?

आता नवी अडचण उभी राहिली. पाण्यात सहज विरघळणारे औषध सांध्यातून लवकर रक्तात निघून जाते. ते तिथेच टिकावे म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी जवळजवळ न विरघळणारी रूपे तयार केली. मिथाइलप्रेडनिसोलोन अॅसिटेट आणि ट्रायअॅम्सिनोलोन अॅसिटोनाइड ही आज वापरात असलेली नावे त्यांतलीच. यांची कुपी पाहिलीत तर द्रव दुधासारखा पांढरा दिसतो आणि ठेवून दिला की साका तळाशी बसतो. म्हणूनच डॉक्टर ती हलवून घेतात. तो पांढरेपणा म्हणजे औषधाचे अतिसूक्ष्म स्फटिक. ते सावकाश विरघळतात आणि आठवडेच्या आठवडे औषध पुरवत राहतात.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एका पेल्यात मीठ आणि दुसऱ्यात खडूची पूड घालून ढवळा. मीठ दिसेनासे होते. खडूचे पाणी पांढरे होऊन थोड्या वेळाने निवळते आणि तळाशी थर बसतो. सांध्यातले औषध या दुसऱ्या पेल्यासारखे असते.

हेच स्फटिक ठणक्याचे कारण असावेत, ही कल्पना मात्र दुसऱ्याच रोगाच्या अभ्यासातून आली. वातरक्त, म्हणजे गाऊट, या रोगात पायाचा अंगठा एकाएकी लाल होऊन असह्य दुखतो. १९६१ साली डॅनियल मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी अशा सांध्यांतील द्रव ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा युरेटचे सुईसारखे स्फटिक चमकताना दिसले. (पोलरॉइडचे दोन तुकडे एकमेकांवर आडवे-उभे धरून मधे साखरेचे दाणे ठेवले, तर तेही असेच चमकतात. मिठाचे दाणे चमकत नाहीत. असे का, ते विद्यार्थ्यांना विचारून पाहा.)

पण स्फटिक हे रोगाचे कारण की नुसते साक्षीदार? मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी युरेटचे स्फटिक चक्क स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच गुडघे सुजले आणि कळा सुरू झाल्या. १९६२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे १९६४ साली मॅकार्टी आणि हॉगन यांनी दाखवले की सांध्यात घातलेल्या स्टेरॉइडच्या स्फटिकांनीही अशीच दाहाची प्रतिक्रिया येऊ शकते. रक्तातील पांढऱ्या पेशी स्फटिकांना परके समजून गिळू पाहतात आणि त्या खटपटीत दाह पेटवणारी द्रव्ये बाहेर टाकतात.

म्हणजे औषध सांध्यात टिकावे म्हणून त्याला जे घन रूप दिले, तेच पहिल्या रात्री बोचते. पुढे हे स्फटिक विरघळू लागले की त्यांतूनच निघालेले औषध त्यांनीच पेटवलेला दाह शांत करते. स्फटिक हे ठणक्याचे मुख्य कारण मानले जाते. कुपीतील इतर द्रव्यांवरही काही जणांचा संशय आहे. दुपारी बरे आणि रात्री वाईट, हेही कोडे येथे सुटते. सुईत बहुधा बधिर करणारे औषध मिसळलेले असते आणि त्याचा अंमल काही तासांत उतरतो.

असा ठणका साधारण शंभरात दोन ते दहा जणांना लागतो. तो पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. तोवर सांध्याला विश्रांती द्यावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून काही वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटे लावावा. सांध्याला गरम शेक देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ताज्या दाहाला थंडच बरे. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. मधुमेह असणाऱ्यांची साखर काही दिवस वाढते, म्हणून ती तपासत राहावे. औषधाचा खरा गुण दिसायला काही दिवस लागतात. पहिल्या रात्रीवरून निकाल देऊ नये.

या धीरालाही एक मर्यादा आहे. सुईबरोबर जंतू आत गेले तर सांधा पिकतो. असे हजारोंत एखाद्यालाच होते, परंतु उपचार लांबला तर सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. दोहोंतला फरक बहुधा वेळेत दिसतो. स्फटिकांचा ठणका लवकर येतो आणि लवकर जातो. जंतूंचा बहुधा उशिरा येतो आणि वाढत जातो. तिसऱ्या दिवसानंतरही दुखणे वाढत असेल, किंवा कधीही ताप, थंडी वाजणे, सांधा लालभडक होणे किंवा मुळीच न हलणे यांपैकी काही दिसले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ते भेटत नसतील तर घाटीसारखे मोठे रुग्णालय गाठावे.

ठणका निरुपद्रवी म्हणून सुई वारंवार घ्यावी, असाही अर्थ नाही. १९५८ सालीच चँडलर आणि राइट यांनी अशा इंजेक्शनांनंतर सांध्यांची झीज झाल्याचे दाखवून सावध केले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत गुडघ्यांची झीज असलेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिले आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. दुखण्यात फारसा फरक पडला नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा मात्र अधिक झिजली.

आपल्याकडे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, तेव्हा शंभरातील सुमारे अठरा जणांना सांधे, पाठ, स्नायू यांच्या तक्रारी आढळल्या. जेथे दुखणे एवढे सार्वत्रिक, तेथे "सुई मारली की चालायला लागतो" असे सांगणारेही भेटतात. त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : कुपीत कोणते औषध आहे? आणि याच सांध्यात यापूर्वी किती वेळा दिले आहे?

ही सारी हकीकत आम्ही बाईंना सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "एवढेच आधी सांगितले असते, तर रात्रभर भीती तरी वाटली नसती." ठणका ठणकाच राहिला असता, हे खरे. पण तो कशाने येतो, कधी जातो आणि कधी धोक्याचा, हे ठाऊक असलेला माणूस ती रात्र वेगळ्या रीतीने काढतो. बाई पुढच्या आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे गेल्या. जाताना प्रश्नांची चिठ्ठी मात्र त्यांनी सोबत नेली.