सागरी तेलगळती निवारणाचे नियोजन : मुंबई किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
समुद्रात सांडलेले तेल जिल्ह्याची वा राज्याची सीमा पाळत नाही. त्यामुळे कोणी, कोणत्या साधनांनी व किती वेळात कृती करावयाची, हे दुर्घटनेपूर्वीच निश्चित असावे लागते. मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज फुटले आणि या नियोजनाची निकड जगाच्या लक्षात आली.

राष्ट्रीय योजनेची जडणघडण :
भारतात १९८६ मध्ये तेलगळती निवारणाच्या समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली. मे १९९३ मध्ये बॉम्बे हाय क्षेत्रातील तेलवाहिनी फुटली. राष्ट्रीय आपत्कालीन योजनेस त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सचिव समितीची मान्यता मिळाली व १९९६ मध्ये ती अमलात आली. योजना त्रिस्तरीय आहे. ७०० टनांपर्यंतच्या गळतीचे निवारण बंदरे व तेल कंपन्यांनी स्वतःच्या साधनांनी करावे, अशी तीत अपेक्षा आहे.

२०१० ची कसोटी :
७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या मुखाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले. कंटेनर जलमार्गात तरंगत राहिल्याने मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेल रायगडच्या किनाऱ्यावर व खारफुटीत शिरले. 'समुद्र प्रहरी' हे खास प्रदूषण निवारण जहाज तटरक्षक दलात दाखल झाले, ते मात्र त्यानंतर दोन महिन्यांनी.

या गळतीचे प्रमाण पहिल्या स्तराच्या मर्यादेहून थोडेच अधिक होते, ही बाब लक्षणीय आहे. पावसाळी लाटांत तेल अडविणारे तरंगते अडसर टिकत नाहीत. रसायन फवारल्याने तेल विखुरते, नाहीसे होत नाही. उथळ खाडीत ते मत्स्यबीजास घातक ठरते. म्हणून कोणती खाडी प्रथम वाचवावयाची, हे नकाशावर आधीच ठरलेले असणे अगत्याचे ठरते.

नुकसानभरपाईचा प्रश्न :
ऑगस्ट २०११ मध्ये कोळसावाहू 'रॅक कॅरियर' मुंबईजवळ बुडाले व त्यातूनही तेलगळती झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला, तो २०१६ मध्ये. पाच वर्षांचा हा विलंब हातावर पोट असलेल्या कोळी कुटुंबांस परवडणारा नाही. शिवाय गळतीपूर्वीच्या मासळीची नोंद नसेल, तर नुकसान सिद्ध तरी कशाने करावयाचे?

समारोप :
सारांश, जहाजे व यंत्रसामग्री ही नियोजनाची एक बाजू होय. खाड्यांचे नकाशे व मासळीच्या नियमित नोंदी ही दुसरी बाजू असून ती कमी खर्चाची आहे. मात्र ती शांत काळातच उभारावी लागते.