गुपित कोणाचे आणि कोणापासून?

ग्राफिक्स चिपची तांत्रिक कागदपत्रे जाहीर केली की कंपनीचे व्यवसायगुपित फुटते, हे मत संगणकक्षेत्रात इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. हा पूर्वपक्ष मी आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. चिप घडवायला वर्षे लागतात, अफाट पैसा लागतो. ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, तिचे मर्म उतरलेले असते. त्यात इतरांकडून परवान्याने घेतलेला कोडही असतो आणि तो उघड करण्याचा हक्क उत्पादकाला नसतो. शिवाय लिनक्सवाले मूठभर. बंद ड्रायव्हर फुकट मिळतो. तो वापरावा, तक्रार कसली?

यातला परवान्याचा मुद्दा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये रेडिऑन चिपची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. जुना बंद ड्रायव्हर तिने उघडलाच नाही. कोणते रजिस्टर कुठे आहे आणि त्यात काय लिहिले की काय घडते, ही माहिती दिली. तिच्या आधारे खुला ड्रायव्हर नव्याने लिहिला गेला. ज्याचा परवाना त्याच्यापाशीच राहिला. मग अडले कुठे?

आता गुपिताकडे वळू. रजिस्टरांची यादी म्हणजे चिपचा आराखडा नव्हे. कळ दाबल्यावर यंत्र काय करते हे कळले, म्हणून ते यंत्र घडवता येत नाही. पण वादापुरते धरून चालू की त्या यादीत काही मोलाचे आहे. एनव्हिडियाने ती दिली नव्हती. तेव्हा नूव्हो प्रकल्पातल्या मंडळींनी बंद ड्रायव्हर चिपला काय काय लिहितो यावर पाळत ठेवली, एकेका रजिस्टरचा अर्थ लावला आणि चालणारा ड्रायव्हर उभा केला. २०१० मध्ये तो लिनक्स कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत दाखलही झाला. जे मोजक्या लोकांना, त्यातही बहुतांशी स्वयंसेवकांना, बाहेर बसून जमले ते प्रयोगशाळा आणि अब्जावधी डॉलर हाताशी असलेल्या प्रतिस्पर्ध्याला जमले नसते काय? प्रतिस्पर्ध्यापासून काहीच लपत नव्हते. लपत होते ते चिप विकत घेणाऱ्यापासून.

पुढे तर एनव्हिडियाच्या मॅक्सवेल पिढीच्या दुसऱ्या फळीपासून कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरवाचून चिपचा वेग बदलता येईना. नूव्हो वापरणाऱ्याचे महागडे कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवर अडकून पडले. यात कोणते गुपित राखले गेले?

राहिला ‘मूठभर’ हा शब्द. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सारे लिनक्सवर चालतात. २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेला ओक रिजचा फ्रंटियर एएमडीच्या ग्राफिक्स चिपवर उभा आहे. त्याच वर्षी बाजारात आलेल्या व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरायच्या खेळयंत्रातही एएमडीचीच चिप आहे, आणि त्यावरचे खेळ आरएडीव्ही या खुल्या ड्रायव्हरवर चालतात. हा ड्रायव्हर एएमडीने लिहिलेला नाही; बाहेरच्या जाणकारांनी लिहिला. २०२५ मध्ये कंपनीने याच कामाचा स्वतःचा खुला ड्रायव्हर थांबवून आरएडीव्हीला पाठिंबा दिला. खुलेपणाचे फळ याहून स्पष्ट कसे दिसावे?

एएमडीही निर्दोष नाही. तिचे ग्राफिक्स फर्मवेअर बंदच आहे. एचडीएमआय २.१ ची सोय खुल्या ड्रायव्हरमध्ये आणण्याचा तिचा प्रस्ताव २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नाकारला. पण इथेही आड आला तो करार, तंत्र नव्हे.

एनव्हिडियाने स्वतः मे २०२२ मध्ये ट्युरिंग आणि त्यापुढच्या चिपसाठी आपली कर्नल मॉड्यूल्स खुली केली. बरेचसे काम तोवर चिपवरच्या फर्मवेअरमध्ये गेले होते हे खरे, पण जे दाखवणे अशक्य म्हणून सांगितले जात होते त्यातले काही तिने आपल्या हाताने दाखवले. ब्लॅकवेल पिढीला तर ही खुली मॉड्यूल्सच लागतात. ओपनजीएल, व्हल्कन आणि कूडा सांभाळणारा तिचा वरचा थर मात्र आजही बंद आहे. वाचकहो, पुरावा तुमच्यापुढे आहे. पुढचे कार्ड घेताना दुकानदाराला किंमत विचाराल, तेव्हा उत्पादकाने खुला ड्रायव्हर दिला आहे का, हेही विचारा.