जुन्या वास्तू आणि त्यांचे कायदे

आपल्या गावातील जुनी मशीद, मकबरा किंवा सराई पाहिली म्हणजे ती कोणी बांधली हे आपण विचारतो. ती आज कोणत्या कायद्याच्या आधाराने उभी आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक हा दुसरा प्रश्नही इतिहासाचाच आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १८१० साली आणि मद्रासमध्ये १८१७ साली नियम करून मशिदी, देवळे, सराया, पूल अशा सार्वजनिक वास्तूंच्या देखभालीत लक्ष घालण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. खाजगी मालकीच्या इमारतींबाबत हे नियम मुके होते. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या हाताखाली पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झाले, १८६३ च्या कायद्यात प्राचीन इमारतींची हानी रोखण्याचे एक कलम आले, पण प्रत्यक्षात फारसे काही हलले नाही.

उलट सरकारच या वास्तूंत बिऱ्हाड करून बसले होते. ज्या सिद्दी सय्यद मशिदीची दगडी जाळी पाहायला आज जगभरचे लोक अहमदाबादला येतात, त्या मशिदीत तहसील कचेरी भरत होती. विजापुरात एका मशिदीचा डाकबंगला झाला होता, तर दुसरीत टपाल कचेरी होती. लाहोरच्या किल्ल्यातील मोती मशिदीत तर रणजितसिंहाच्या काळापासून खजिना ठेवला जाई आणि इंग्रजांनीही तोच पायंडा चालू ठेवला. १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेल्या लॉर्ड कर्झनने ही बिऱ्हाडे हलविली. बंगालची फाळणी करणाऱ्या या गृहस्थाबद्दल आपल्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही. तथापि या एका बाबतीत त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

त्याच्याच कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. राजपत्रात अधिसूचना काढून एखादी वास्तू ‘संरक्षित’ ठरविण्याची रीत या कायद्याने घालून दिली. वास्तू खाजगी असली तरी मालकाशी करार करून तिचे रक्षण करता येऊ लागले. आणि सरकारच्या देखभालीखालील प्रार्थनास्थळाचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर होता कामा नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले गेले. कचेऱ्यांचा अनुभव ताजा असताना लिहिलेले हे कलम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले व गुलाम यझदानी यांना प्रमुख नेमले. अजिंठ्याची चित्रे जतन करण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणविले गेले ते याच खात्याच्या काळात. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरविले आणि १९५१ च्या कायद्याने पूर्वीच्या संस्थानांतील निवडक स्मारकेही त्या यादीत घेतली.

आज लागू आहे तो १९५८ चा केंद्रीय कायदा. निदान शंभर वर्षे जुनी वास्तू त्यात येऊ शकते. सरकारने आधी नोटीस काढावी, ती वास्तूजवळ ठळक जागी लावावी आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावेत, असा क्रम आहे. संरक्षित ठरल्याने मालकी आपोआप सरकारकडे जात नाही. आपल्यातील अनेकांच्या मनात ही भीती असते, म्हणून मुद्दाम सांगितले. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, ही शिक्षा मात्र १९०४ मध्ये होती तीच १९५८ मध्ये राहिली. रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली तरी तो आकडा तेथेच होता. अखेर २०१० च्या दुरुस्तीने तो दोन वर्षे कैद व एक लाख रुपये असा झाला. स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढील दोनशे मीटर परवानगीने, हा १९९२ च्या अधिसूचनेतील नियमही तेव्हा कायद्यातच आला. शंभर मीटरच्या आत राहणाऱ्याला घराची दुरुस्ती करण्यापूर्वीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते.

राष्ट्रीय यादीत नसलेल्या वास्तूंसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची श्रेणीवार यादीही आहे. परंतु मोहल्ल्यातील बहुसंख्य जुन्या मशिदी, कबरी, हौद, विहिरी यांपैकी कोणत्याच यादीत नाहीत. तेथे जुन्या दगडी कमानीवर चकचकीत फरशी बसली किंवा लाकडी खांब निघून सिमेंटचे आले, तर कायदा बोलत नाही. बोलायचे ते विश्वस्तांनी आणि जमातीने.

यादीत नाव असले म्हणजे सारे झाले, असेही नाही. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या पथकांनी १,६५५ संरक्षित स्मारके जागेवर जाऊन पाहिली, तेव्हा ९२ सापडलीच नाहीत. पुढे पुरातत्त्व खात्याने त्यांपैकी ४२ शोधून काढली. उरलेल्या ५० पैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणा लागलेला नाही. राजपत्राच्या जुन्या पानांवर त्यांची नावे अजून आहेत.