पर्वतबकऱ्याची शिकार : मांस व कातड्याचे वहन

इंग्रजीत ‘माउंटन गोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तर अमेरिकेतील पर्वतबकऱ्याची शिकार झाल्यावर त्याचे मांस, कातडे, लोकर, चरबी व शिंगे कड्यांवरून खाली वस्तीपर्यंत आणण्याची पद्धती. या शिकारीत जनावर मारण्यापेक्षा ते खाली आणण्याचेच श्रम अधिक असतात. त्यामुळे पाठीवर काय घ्यावे व मागे काय टाकावे, हा प्रश्न तिच्या इतिहासात सतत उद्‌भवला आणि त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली.

पर्वतबकऱ्याचे शास्त्रीय नाव ओरिॲम्नॉस अमेरिकॅनस असे आहे. तो बोव्हिडी कुलातील असला, तरी खऱ्या बकऱ्यांच्या कॅप्रा प्रजातीत त्याचा समावेश होत नाही. दक्षिण अलास्का, यूकॉन, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, वॉशिंग्टन, आयडाहो व माँटॅना या प्रदेशांतील उंच पर्वत हे त्याचे मूळ वसतिस्थान होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सु. १०० किग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक असते. शत्रूपासून बचावासाठी तो उभ्या कड्यांचा आश्रय घेतो. गोळी वा बाण लागलेले जनावर दरीत कोसळल्यास शिंगे मोडतात, मांस ठेचाळते व पुष्कळदा ते हातीही लागत नाही. म्हणून जनावर जेथे पडेल तेथवर आपणास सुखरूप पोहोचता येईल काय व तेथून ओझ्यासह उतरता येईल काय, याचा विचार अनुभवी शिकारी आधीच करतो. लोकर हिवाळ्याच्या तोंडी सर्वांत दाट होते. पण त्याच सुमारास कड्यांवर बर्फ साचून उतरण धोक्याची होते.

आदिवासी परंपरा : ट्लिंगिट, त्सिमशियन, गिट्कसान, सेलिश इ. जमातींच्या जीवनात या प्राण्याला मोठे स्थान होते. मांस ताजे, धुरावलेले वा सुकवलेले खात. सुकवल्याने ते टिकाऊ व वाहण्यास हलके होई. चरबी साठवून ठेवीत. काळी शिंगे वाफेवर मऊ करून त्यांचे कोरीव चमचे बनवीत. ओझे पाठीवर घेऊन त्याचा पट्टा कपाळावरून किंवा छातीवरून घेण्याची पद्धत होती. हिमालयातील भारवाहकांचा कपाळपट्टा याच प्रकारचा असतो. सेलिश स्त्रिया असे पट्टे वनस्पतींचे धागे व पर्वतबकऱ्याची लोकर यांपासून विणीत. म्हणजे एका शिकारीची लोकर पुढील ओझी वाहण्याच्या कामी येई. अंतर्भागातील काही जमाती कुत्र्यांच्या पाठीवरही ओझी लादीत.

कातड्याचे मोल मुख्यतः लोकरीमुळे होते. कातडे ओले करून, गुंडाळून काही दिवस ठेवीत. केसांची मुळे सैल झाली की लोकर हाताने सोडवून घेत. उन्हाळ्यात झुडुपांना अडकलेली लोकरही वेचून आणीत. चिलकॅट या ट्लिंगिट शाखेच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रावरणांत लोकरीच्या ताण्याला पिवळ्या सीडरच्या सालीच्या धाग्याचा पीळ दिलेला असतो. एका प्रावरणास सु. तीन जनावरांची लोकर व बहुधा वर्षभराचे श्रम लागत. नक्षीचा आराखडा पुरुष फळीवर रंगवीत व विणकाम स्त्रिया करीत. या कलेचे सविस्तर वर्णन जॉर्ज थॉर्नटन एमन्स (१८५२–१९४५) यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. पॉटलॅच या दानसमारंभात अशी प्रावरणे पांघरीत. कधी त्यांचे तुकडे करून ते पाहुण्यांना वाटीत. कॅनडात हा समारंभ १८८५ ते १९५१ या काळात कायद्याने निषिद्ध होता. तयार घोंगड्यांचा व्यापार आणि ही बंदी यांमुळे विणकामास उतरती कळा लागली.

शिकारीतील उधळमाप हा अपराध होय, ही भावना या जमातींच्या कथांतून व्यक्त होते. फ्रान्स बोआस (१८५८–१९४२) यांनी १९१६ मध्ये प्रकाशित केलेल्या त्सिमशियन कथासंग्रहात अशी एक कथा आहे. स्कीना नदीकाठच्या टेमलाहाम येथील लोक गरजेहून अधिक बकरे मारू लागले व मुलांनी एका करडाचे हाल केले. तेव्हा बकऱ्यांनी मनुष्यरूप घेऊन गावकऱ्यांना मेजवानीस बोलावले आणि डोंगर कोसळवून त्यांचा नाश केला. करडावर दया करणारा तरुण तेवढा वाचला. मारलेल्या जनावराचा मान राखणे हे त्याचे मांस खाण्याइतकेच आवश्यक आहे, असा या कथेचा आशय आहे.

हौशी शिकारीचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी हौशी शिकारी या पर्वतांत येऊ लागले. त्यांना मुख्यतः शिर व कातडे हवे असे. मांस तळावर लागेल तेवढेच घेऊन उरलेले टाकून देण्याचा प्रघात काहींनी पाडला. सामान वाहण्यास घोडी असत. तथापि ती पायथ्याच्या तळापर्यंतच उपयोगी पडत, कड्यावरील ओझे माणसालाच आणावे लागे. न्यूयॉर्क प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम टेंपल हॉर्नडे (१८५४–१९३७) यांनी १९०५ मध्ये आग्नेय ब्रिटिश कोलंबियात केलेल्या सफरीचा वृत्तांत पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हेच हॉर्नडे पुढे अनिर्बंध शिकारीचे कडवे विरोधक म्हणून ओळखले गेले.

वहनाच्या साधनांतही याच सुमारास सुधारणा झाली. वॉशिंग्टन राज्यातील लॉइड नेल्सन यांनी अलास्कात पाहिलेल्या, काठ्यांवर कातडे ताणून बनवलेल्या आदिवासी पाठचौकटीवरून लाकूड व कापडाची चौकट तयार केली. १९२० नंतरच्या दशकात तिचा प्रसार झाला. डिक केल्टी यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी १९५२ पासून विक्रीस आल्या. ओझ्याचा भार खांद्यांवरून कमरेकडे नेणाऱ्या पट्ट्यामुळे जड ओझे घेऊन उतरणे पुष्कळ सुकर झाले.

आधुनिक पद्धती व निर्बंध : मांस लवकर थंड करणे ही पहिली दक्षता होय. कातडे काढून मागच्या मांड्या, पुढचे फरे, पाठीचे मांस, बरगड्या व मानेचे मांस वेगळे करतात. ओझे हलके करण्यासाठी हाडे काढतात व मांस हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरतात. ओले कातडे बरेच जड असते. तळावर ते खरवडून आतील बाजूस मीठ चोळतात. अस्वलांच्या भीतीमुळे मांस आतड्यांपासून दूर, लांबून दिसेल अशा जागी ठेवतात. कित्येकदा दोन खेपा कराव्या लागतात. अलास्का व ब्रिटिश कोलंबिया येथे खाण्याजोगे मांस डोंगरात टाकून येणे हा गुन्हा आहे. अलास्कात शिकारी व शिकारीचे मांस यांच्या वाहतुकीसाठी हेलिकॉप्टर वापरण्यास मनाई असल्याने अखेरचा भार माणसाच्या पाठीवरच पडतो.

मादी बहुधा चार-पाच वर्षांची झाल्यावर प्रथम विते व सामान्यतः एकच करडू देते; त्यामुळे थोड्याशा अतिरिक्त शिकारीनेही कळपांची संख्या घटते. खाणी व लाकूडतोड यांसाठी झालेल्या रस्त्यांनी जेथे वहनाचे श्रम वाचवले, तेथे कळपांवरील ताण वाढला. अल्बर्टात तर १९८७ मध्ये ही शिकार पूर्णपणे बंद करावी लागली. २००१ पासून ती अत्यल्प परवान्यांपुरती सुरू झाली. दुर्गम वाट व पाठीवरचे ओझे हेच या प्राण्याचे दीर्घकाळ संरक्षण करीत आले होते, असे यावरून दिसते. दरम्यान जेनी थ्लूनॉट (मृत्यू १९८६) यांच्यासारख्या विणकर स्त्रियांनी चिलकॅट कला जिवंत ठेवली. मात्र पर्वतबकऱ्याची लोकर दुर्मिळ झाल्याने आजच्या विणकर स्त्रिया बहुतांशी मेंढीची मेरिनो लोकर वापरतात.