कवळाण्याचं नाव, डॉन्कास्टरची धाव

सप्टेंबर 1947. यॉर्कशरमधल्या डॉन्कास्टरच्या रेसकोर्सवर तुम्ही कठड्याला रेलून उभे आहात. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली, तरी इंग्लंडात रेशनिंग सुटलेलं नाही. शेजारचा माणूस रेसकार्डावर बोट ठेवून एक नाव वाचतो; अडखळतो, पुन्हा वाचतो. सयाजीराव!

तुमच्या काळजात लक्कन हलतं. हे नाव तुमच्या नाशिक जिल्ह्यातून इथवर आलंय. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात 1863 साली जन्मलेला गोपाळ बारा वर्षांचा असताना बडोद्याला गेला, दत्तक झाला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांच्या नातवानं, महाराज प्रतापसिंहरावांनी, 1945 मध्ये एक वर्षाचं शिंगरू 28,000 गिनींना घेतलं. तोवर एवढ्या किमतीला शिंगरू विकलं गेलं नव्हतं. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षीचा डर्बीविजेता. एवढ्या मोलाच्या जनावराला नातवानं आजोबांचं नाव दिलं. यात मला श्रीमंतीपेक्षा माया जास्त दिसते.

पॅडॉकमध्ये तो दिसतो. गडद तपकिरी, अंगानं भरदार. पाठीवर एडगर ब्रिट. हा चेहरा तुम्ही पाहिलाय.

कुठे? क्षणभर चार वर्षं मागे चला. 1943, मुंबईतलं महालक्ष्मी. पहिली इंडियन डर्बी, अंतर दीड मैल. बडोदेकरांची फिली प्रिन्सेस ब्युटिफुल सर्वांच्या पुढे येते आणि तिच्यावर हाच ऑस्ट्रेलियन जॉकी. भारतातल्या या सर्वांत मानाच्या शर्यतीचा पहिला विजेता म्हणून त्याचं नाव लागलं. तरी घोडी लोकांच्या लक्षात राहते आणि जॉकी मागे पडतो, याची खंत वाटते.

परत डॉन्कास्टर. यंदा हा घोडा टू थाउजंड गिनीजमध्ये तिसरा आला, एप्समच्या डर्बीतही तिसरा. पण आयरिश डर्बी त्यानं मारली. अंतर वाढलं की खुलणारा घोडा आहे हा, आणि आजची शर्यत, सेंट लेजर, म्हणजे पावणेदोन मैलांहूनही थोडी जास्त धाव.

फीत उडते. घोडे लांब जातात, ठिपक्यांएवढे होतात. मग शेवटचा सरळ पट्टा, आणि पायाखालची जमीन थरथरू लागते. डर्बीत याच्या पुढे दुसरा आलेला मिगोली आज मागे पडतो. उरतात दोघंच: फ्रान्सचा आर्बार आणि आपला सयाजीराव. नाकाला नाक. तुम्ही मराठीत ओरडताय, “चल रे, चल!” कोण बघतंय याचं भान नाही. निशाणीचा खांब येतो आणि जातो.

डोक्याएवढ्या फरकानं सयाजीराव!

शेजारचा माणूस तुमच्या पाठीवर थाप मारतो. ते नाव आता न अडखळता घेतोय. पण थांबा, निकाल अजून पक्का नाही. ब्रिट खाली उतरतो, खोगीर काढून हातावर घेतो आणि वजनकाट्याकडे चालू लागतो. खोगिरासकट नऊ स्टोन, म्हणजे 57 किलो, भरलं पाहिजे.

भरलं.