मुलुंड मुंबईत कधी आलं?

परवा लेक शाळेतून रडवेली होऊन आली. नववीत आहे. ‘मुंबईचा इतिहास’ या विषयावर प्रकल्प लिहायचा होता. तिने नेटवरून बारा पानं उतरवली, वर रंगीत चित्रं चिकटवली. बाईंनी ‘यात तुझं काय?’ एवढाच शेरा मारून वही परत दिली. मुदत दोन आठवडे.

म्हटलं, आधी विषय लहान कर. सात बेटांपासून सगळं सांगायला गेलीस तर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. एकच प्रश्न घे, ज्याचं उत्तर तुला खरंच माहीत नाही.

प्रश्न घरातच सापडला. आई नेहमी म्हणते, “मी लग्न होऊन आले १९५६ ला, तेव्हा मुलुंड मुंबईत नव्हतंच. महाराष्ट्र झाला तेव्हा आलं.” यावर दादा म्हणतो, आईला आता नीट आठवत नाही. खरं सांगायचं तर मीही हसायचो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती मुलुंडवरूनच, मग मुंबई नाही तर काय?

लेकीने आजीला तासभर बोलतं केलं, सगळं वहीत उतरवलं. मग नेट पाहिलं. एकीकडे हद्द वाढल्याचं साल १९५०, दुसरीकडे १९५७. ती वैतागली. मी म्हटलं, खरी मजा इथेच आहे. दोन्ही कशाबद्दल आहेत ते बघ.

शनिवारी ग्रंथालयात बृहन्मुंबईचं गॅझेटिअर काढलं. दोन्ही सालं बरोबर निघाली! १९५० मध्ये मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत वाढली. दहिसर आणि मुलुंड आत आले ते फेब्रुवारी १९५७ मध्ये. म्हणजे जवळजवळ सात वर्षं भांडुप मुंबईत आणि शेजारचं मुलुंड बाहेर!

आईची ट्रंक उघडली. तळाशी तिच्या वडिलांचं १९५६ चं पोस्टकार्ड होतं. पत्ता: मुलुंड, जि. ठाणे. लेक ते कार्ड घेऊन घरभर नाचली.

मला इतिहासाचार्य राजवाडे आठवले. गावोगाव फिरून त्यांनी जुनी दप्तरं गोळा केली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. बखरीपेक्षा अस्सल पत्रावर त्यांचा भर. आमच्या घरात आई ही बखर आणि पोस्टकार्ड हे अस्सल पत्र. पण बखरीने सांगितलं नसतं तर पत्र शोधायला कोण गेलं असतं?

शेवटी लेकीने पाचच पानं लिहिली. कोणती गोष्ट कुठून कळली ते प्रत्येक ठिकाणी नोंदवलं. एक वाक्य लिहिताना मात्र ती अडली, कारण आजीचं सालही चुकलं होतं. महाराष्ट्र झाला १९६० ला, मुलुंड आलं त्याच्या तीन वर्षं आधी. “आजीला वाईट वाटेल,” म्हणाली. मी म्हटलं, खरं ते लिही, पण आधी तिला वाचून दाखव.

आईने ऐकलं, पोस्टकार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “साल चुकलं होय माझं? पण नव्हतं ना मुंबईत?”

नव्हतं, आई. दादालाही फोन करून सांगितलं.

असो. तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. उघडून बघा. त्याआधी आजीला विचारा.