फुकट वाचा, फुकट छापा

धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने खंडीभर, पण एखादा शोधनिबंध वाचायचा म्हटलं की पंचाईत. एका निबंधाला तीस-तीस डॉलर! लिहिणाऱ्याला मानधन नाही, तपासणाऱ्यालाही नाही. मग पैसे नेमके कशाचे, हा माझा जुनाच प्रश्न.

म्हणून मला मुंबईच्या 'मेडनो'ची गोष्ट फार आवडते. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतंय. डॉ. डी. के. साहूंच्या मेडनोने ते, आणि मग इतर वैद्यकीय संस्थांची नियतकालिकं, वेबवर खुली ठेवली. २००३ साली अमेरिकेत 'प्लॉस बायॉलॉजी' निघालं तेव्हा लेखकाने दीड हजार डॉलर भरायचे होते. मेडनो ना लेखकाकडून घेई, ना वाचकाकडून. पैसा येई छापील अंकाच्या वर्गणीतून आणि जाहिरातींतून. फुकट मिळाल्यावर अंक कोण घेईल? पण साहूंचा अनुभव उलटा होता, वर्गणी घटली नाही.

अर्थात सगळा डोलारा कागदावर उभा. २०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने घेतली. पुढे त्यातली बरीच नियतकालिकं लेखकांकडून शुल्क घेऊ लागली. (मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.)

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांचे ६००० कोटी, तेही प्रकाशकांनाच. वाचायची सोय सरकारी संस्थांना. धाटावचा कारखाना त्यात बसत नाही.